डावा चार, उजवा सहा

सत्तेचाळीस वर्षं कोल्हापुरात काढली, पण पायात कोल्हापुरी पायताण कधी पडलं नव्हतं. बाहेरगावचे पाहुणे अंबाबाईचं दर्शन उरकून चप्पल लाईनीत शिरायचे. त्यांना घेऊन मीच जायचे, घासाघीस करून द्यायचे, हाताची कापशी कुठली आणि मशीनवर मारलेली कुठली ते ओळखून सांगायचे. आणि मग माझा काळा सर्जिकल बूट ओढत घरी यायचे.

गेल्या मार्गशीर्षात ते पायताण पडलं. त्याबद्दल हे लिहिते आहे.

वस्तू अशी : सुभाषनगरातल्या एका घरगुती कारखान्यात माप देऊन करून घेतलेली कोल्हापुरी. डावा चार नंबर, उजवा सहा. डाव्या तळाला दीड इंच उंची, दोन्हीला मागून पट्टा. किंमत ३,४०० रुपये. पाचपैकी चार तारे. कारागिराचं नाव देत नाही, कारण त्यांनीच हात जोडले. "ताई, आदीच कामं तुंबल्यात, आनि लिवून माणसं लावू नगा." पत्ता मात्र शेवटी सांगते, ज्याला खरंच गरज असेल तो शोधत जाईल.

आधी पायाचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. मी १९७८ ची. सव्वा वर्षाची असताना ताप आला आणि तापाबरोबर डावा पाय गेला. दोन थेंब पाजायची मोहीम निघाली १९९५ साली, आणि देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण सापडला २०११ च्या जानेवारीत. माझ्या पिढीत प्रत्येक गल्लीत आमच्यातलं एक तरी असायचं, आता लहान पोरांना असा पाय बघायलाच मिळत नाही. ती टक लावून बघतात, आणि त्याचा मला राग येत नाही. माझा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड आणि दोन नंबर लहान आहे. पाऊल टाकताना टाच टेकत नाही, आधी चवडा पडतो. बोटांत पकड नाही. शाळेत पायाला आधाराचं कॅलिपर होतं, नंतर बूट.

नंबर वेगळे असले की काय होतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दरवेळी दोन जोड घ्यावे लागतात. चार नंबरचा उजवा आणि सहा नंबरचा डावा घरात पडून राहतो. आमच्या माळ्यावर अशा न घातलेल्या एकेकट्या चपलांचं पोतं होतं. आईनं ते कधी टाकू दिलं नाही. माझ्या उलट मापाची बाई कुठंतरी असेलच, असं तिला वाटायचं.

पुतणीचं लग्न ठरलं आणि मी हट्टाला पेटले. पैठणीखाली सर्जिकल बूट घालायचा नाही. आधी गेले एका मोठ्या, काचेच्या दुकानात. नाव घेत नाही. दाराला चार पायऱ्या, कठडा नाही, आणि चौथ्या पायरीच्या वर पाटी : 'दिव्यांग बांधवांसाठी १० टक्के खास सूट'. ती पाटी वाचण्याइतकं वर पोहोचलं की सूट. पोरगा वागायला चांगला होता. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग खाली बसून म्हणाला, "मॅडम, चांगला पाय पुढं करा."

उजवा केला. त्यानं सहा नंबर चढवला, खुशीत म्हणाला, "मस्त बसलं." मी म्हटलं, "आणि दुसरा?"

"खराब पायाला जरा चालवून घ्यावं लागेल."

तो वाईट बोलला नाही. वाईट म्हणावं असं त्याच्या मनातही नव्हतं. पण एक पाय चांगला आणि एक खराब, एवढं एकदा ठरलं की पुढचं सगळं आपोआप ठरतं. चांगल्याला माप घ्यायचं, खराबाला चालवून घ्यायचं. अख्ख्या वीस मिनिटांत त्यानं माझ्या डाव्या पायाला हात लावला नाही, त्याच्याकडं नीट बघितलंही नाही. कोपऱ्यात गल्ल्यावर बसलेले मालक मात्र माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. म्हणाले, "देवाची इच्छा. काय झालं होतं?" मी सांगितलं. त्यांनी च् च् केलं आणि दहाऐवजी पंधरा टक्के कमी केले. मी काहीही न घेता उतरले. चार पायऱ्या, उलट्या, भिंतीला धरून.

हे 'काय झालं होतं' मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल? रिक्षात, लग्नात, डॉक्टरच्या बाकावर, एकदा तर स्मशानात.

सुभाषनगरचा पत्ता मला आमच्या पतसंस्थेतल्या शिपायानं दिला. एका खोलीत घर, पुढच्या पडवीत काम. भिजवलेल्या चामड्याचा, हिरड्या-बाभळीचा तो वास. मामा रापीनं तळ कापत होते, मामी वेणी घालत बसल्या होत्या. कोल्हापुरीवरची ती बारीक वेणी बहुतेक घरांत बायकांच्याच हातची असते, आणि दुकानात तिची वेगळी मजुरी कुणी विचारत नाही. पण तो विषय निराळा.

मी तयारीनं गेले होते. बसल्या बसल्या सुरू केलं, "लहानपणी पोलिओ झाला..."

मामांनी मान वर केली नाही. "ते ऱ्हाऊ द्या. पायतानं काडा आनि हितनं त्या उंबऱ्यापातुर चाला बघू."

मी अनवाणी चालले. परत आले. परत जायला सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पाऊल टाकताना आदी टाच टेकतीया का चवडा?"

मी उत्तर द्यायला क्षणभर थांबले, कारण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी विचारला असेल, पण तोही आईला. "चवडा," मी म्हटलं.

"कुटं? आतल्या अंगाला का भाईरल्या?"

"बाहेरच्या."

"तर. बूट भाईरनंच घासलाय." माझा बूट त्यांनी हातात घेऊन उलटा केला होता. मग दोन्ही पावलं कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. डावं आधी. बोटानं चवडा चाचपला, अंगठा वाकवून बघितला, सोडला. "अंगठ्यात धरवत न्हाई तुमास्नी. नुसती कोल्हापुरी म्होरं सरकत जाईल. मागनं पट्टा लावतो. एकाच पायताणाला लावला तर इजोड दिसंल, दोन्हीला लावू. ह्यो बारका, चार नंबर. त्यो सहा."

बारका. एवढंच. उजवा थोरला, डावा बारका, जशी घरात दोन पोरं असतात.

उंचीवर आमची चर्चा झाली. दीड इंच चामडं एकावर एक रचलं तर पायताण दगडासारखं जड होतं, आणि माझ्या पायात ते उचलायची ताकद नाही. मामा म्हणाले, आतून कॉर्क घालतो, वरून चामड्याची पट्टी गुंडाळतो. मी म्हटलं, खाली चालायला एमसीआरची शीट लावा, ते मऊ रबर बुटाच्या वर्कशॉपमध्ये वापरतात. त्यांनी नाक मुरडलं, पण लावलं. "वरनं चामडं येतंय. कुनाला कळनार न्हाई," ते म्हणाले.

"कळलं तरी चालेल, मामा."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

आठ दिवसांचा वायदा होता. आठव्या दिवशी फोन केला तर "सोमवारी". सोमवारी "चामडं भिजत घातलंय". पंधराव्या दिवशी मी थेट जायचं ठरवलं. धाकटी पुतणी म्हणाली, "आत्ती, थांब, मी पण येतो." आमच्याकडं पोरी 'येतो-जातो'च म्हणतात, पुण्याच्या सुनेला ते अजून पचलेलं नाही. ही पुतणी लॉ करते, त्यामुळं तिला सोबत नेण्याचे फायदे-तोटे दोन्ही आहेत.

पडवीत मामा पाठमोरे फोनवर बोलत होते. "न्हाई ओ सायेब, तुमचं परवा. ह्या लंगड्या बाईंचं ऱ्हायलंय अजून, तिचं लगीन हाय घरात."

हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. शाळेत मधल्या सुट्टीत मुली लंगडी खेळायच्या. एक पाय दुमडून, उड्या मारत, शिवायला. बाद झालेल्या कडेला येऊन बसायच्या, माझ्या शेजारी. मी खेळ सुरू व्हायच्या आधीपासूनच तिथं असायचे. लंगडी त्या घालायच्या आणि नाव मला पडलं. सातवीपर्यंत हजेरीचं नाव फक्त बाईंच्या तोंडून ऐकलं.

तर मी दारात उभी, आणि ज्या माणसानं पंधरा दिवसांपूर्वी माझ्या पायाला साधा पाय म्हणून हात लावला होता त्याच्याच तोंडून तो शब्द. मला चटकन वाटलं, परत फिरावं. काचेच्या दुकानातल्या पोरानं एकदाही असं म्हटलं नव्हतं. तो 'मॅडम' म्हणत होता. पण पाय चालवून घ्यायला सांगत होता.

पुतणी मोठ्यानं म्हणाली, "मामा, लंगड्या बाई इथंच उभ्या आहेत."

मामांचा हात कानाशी तसाच राहिला. मामींनी वेणी खाली ठेवली. "तोंडातनं गेलं ताई," ते म्हणाले. मग जरा थांबून, ओशाळून, पण खरंच विचारावं तसं, "मग काय म्हनू? दिव्यांग म्हनू?"

मला हसू आलं. हसायचं नव्हतं.

या दिव्यांगाचं माझं जमत नाही. माझ्या जुन्या कागदावर 'अपंग' होतं. १९९५ च्या कायद्याचं मराठी नावच 'अपंग व्यक्ती' असं होतं. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला, आणि २०१६ चा नवा कायदा आमच्याकडं 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम' म्हणून आला. कायदा चांगलाच आहे, सात प्रकारांचे एकवीस झाले, नोकरीतलं आरक्षण तीनाचं चार टक्के झालं. २०२२ मध्ये राज्यानं वेगळा दिव्यांग कल्याण विभाग काढला. कार्ड नवं आलं. त्यावर मी ५० टक्के आहे. पण माझा डावा पाय दिव्य आहे म्हणे! दिव्य असता तर निदान पंचगंगेच्या पुरात पाण्यावरून चालला असता. घरी मी असं म्हणाले की धाकटी हसते आणि थोरली रागावते.

मात्र माझ्या ओळखीचे एक दृष्टिहीन शिक्षक आहेत, ते याच शब्दावर खूश आहेत. त्यांचं म्हणणं, 'अपंग' हा शब्द मला आयुष्यभर दगडासारखा मारला गेला, 'दिव्यांग' अजून कुणी मारलेला नाही, मारायला लागले की बघू. याला माझ्याकडं उत्तर नाही. त्यांना मी दिव्यांगच म्हणते, कारण त्यांना तसं हवं आहे.

आणि नुसत्या पाटीवरूनही माप काढता येत नाही. आपल्याच गावात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये संस्था उभी केली, तिच्या नावातच 'हँडिकॅप्ड' आहे, त्या काळचा शब्द. आज कुणी तो नव्यानं ठेवणार नाही. पण त्या नावाखाली कितीतरी मुलामुलींची शिक्षणाची, राहायची सोय झाली. त्यांच्या आत्मकथनाचं नाव मात्र बघा : 'चाकाची खुर्ची'. आहे ते. चाकं असलेली खुर्ची. तिला दिव्यासन म्हणावं असं त्यांना वाटलं नाही.

पडवीत मी एवढं सगळं बोलले नाही. मी विचारलं, "मामा, वहीत माझ्या नावापुढं काय लिहिलंय?"

त्यांनी लांबडी वही काढली. मळकी, कडेला चामड्याचा रंग लागलेली. बोट फिरवत वाचलं, "चार, सहा. डावा बारका. उंची दीड. मागं पट्टा."

"मग फोनवर तेच म्हणा की."

"चार-सहाच्या बाई?"

"चार-सहाच्या बाई."

मामींना ते इतकं आवडलं की त्यांनी तिथंच दोनदा म्हणून बघितलं.

रिक्षात पुतणीनं वकिली सुरू केली. २०१६ च्या कायद्यात कलम ९२ आहे, अपमान करायच्या हेतूनं चारचौघांत कुणी दिव्यांग माणसाला मुद्दाम हिणवलं तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मग स्वतःच म्हणाली, मामांचा हेतू नव्हता, आणि चारचौघंही नव्हते, दोघीच होतो. केस उभी राहत नाही. तिनं आणखी एक सांगितलं. २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं एका चित्रपटाच्या प्रकरणात विनोदाचे दोन प्रकार केले. एका विनोदानं अपंगत्व लोकांना कळतं, दुसऱ्यानं माणूस खाली ढकलला जातो. दोन्हीत गल्लत करू नका, असं म्हटलं. म्हणजे माझा पंचगंगेचा विनोद कायद्यात बसतो. बरं झालं.

रात्री झोप मात्र लागली नाही. हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर सगळं गोड वाटेल. शब्द मी हसून परतवला, तरी तो लागला होता. 

याच्या उलट आमच्या ऑफिसात होतं. एकदा मीटिंगमध्ये साहेब कुणाबद्दल तरी बोलता बोलता म्हणाले, "वासरात लंगडी गाय शहाणी!" आणि जीभ चावली. सगळ्यांचे डोळे टेबलाखाली, माझ्या पायांवर. मग दहा मिनिटं साहेब माफी मागत राहिले आणि मी त्यांची समजूत घालत राहिले. म्हण माझ्यावर नव्हती. माफी सगळी माझ्यावर होती. मराठीतून लंगडी सबब, आंधळी कोशिंबीर सगळं काढून टाका असं मी म्हणणार नाही, तेवढी माझी उमेद नाही. पण 'नॉर्मल पाय' म्हणायचं थांबवा. ते म्हटलं की दुसरा पाय लगेच आजारी पडतो.

आता पायताण. एकोणिसाव्या दिवशी मिळालं, हळदीच्या आदल्या संध्याकाळी. जोड टेबलावर ठेवला तर एक उंच, एक बसकं, शेजारी शेजारी. मागचा पट्टा, छोटं पितळी बक्कल, वर मामींची वेणी, आणि दोन्ही वेण्या एकाच रुंदीच्या. लहान पायताणावर नक्षी लहान करून टाकलेली नाही, टाके मोजून बसवलेत. खिळा एकही नाही, सगळी शिलाई चामड्याच्या वादीची. डावं वजनाला उजव्यापेक्षा किंचितच जास्त.

पहिले चार दिवस चावलं. कोल्हापुरी चावतेच, कुणी नाही म्हटलं तर विश्वास ठेवू नका. खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवलं, पाचव्या दिवशी नमली. लग्नात मात्र मी ती चावत असतानाच सहा तास घातली, जेवणाच्या पंगतीत वाढलंही. अक्षता पडल्यावर माझ्या चुलत जाऊबाई कानात म्हणाल्या, "अय्या, कळतसुद्धा नाही गं!" स्तुतीच होती ती. मी साडी दोन बोटं वर केली आणि त्यांना कॉर्कची टाच दाखवली.

नंतर रंकाळ्यावर रोज अर्धा तास, दोन महिने. झीज डावीकडं बाहेरच्या बाजूलाच होते आहे, मामांनी सांगितलं होतं तशी, पण शीट बदलता येते. त्याचे १५० रुपये घेतात.

दोष : एक, उशीर. एक तारा त्यासाठी गेला. थोडा त्या शब्दासाठीही गेला असावा, प्रामाणिकपणे सांगते. दोन, डाव्याच्या टाचेला चामडं गुंडाळलंय तिथं रंग सुटतो, पांढऱ्या मोज्याबरोबर घालू नका. तीन, पडवीला एक उंच दगडी पायरी आहे. मी बोलले तर पुढच्या खेपेला तिथं एक फळी आडवी टाकलेली होती. फळी डगमगते. चाकाच्या खुर्चीला ती चालायची नाही, तशा कुणाला जायचं असेल तर आधी फोन करा, मामा बाहेर येऊन माप घेतात. चार, पावसाळ्यात घालू नका, पण ते कुठल्याच कोल्हापुरीबद्दल वेगळं सांगायला नको.

शीट बदलायला गेले तेव्हा विषय निघाला तो इटलीच्या कंपनीचा. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखीच पायताणं दाखवली आणि त्यांना नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं. २०१९ पासून आपल्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तरी कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. अख्खं गाव खवळलं होतं तेव्हा. मामा अजून खवळलेले आहेत. "सँडल म्हनं! आमच्या आज्जाच्या पायतानाला सँडल!" असं म्हणत त्यांनी डाव्याची शीट अशी ओढून काढली की मी घाबरले. मी म्हटलं, "तोंडातनं गेलं असेल त्यांच्या." मामी तोंडाला पदर लावून हसल्या. मामा नाही हसले, पण शीटचे पैसे घेतले नाहीत.

पत्ता द्यायचा राहिला. सुभाषनगरात कुणालाही विचारलं तर एकच खूण सांगतात : "मुक्याच्या टपरीपासनं डावीकडं, तिसरं घर." मीही या लेखात आधी तसंच लिहिलं होतं. पाठवायच्या आधी वाचून बघितलं आणि कान तापले. लंगड्या बाईंनी मुक्याचा पत्ता दिला होता, आणि तेही वर सगळा वहीतला हिशेब सांगून.

म्हणून परवा मुद्दाम टपरीवर गेले. आलं घातलेला चहा, बारा रुपये, उत्तम. टपरीला पाटी नाही. चहावाल्यांना ऐकू येत नाही, बोलतात हातांनी. मी कागदावर लिहून विचारलं, टपरीचं नाव काय लिहू? त्यांनी कागद वाचला, माझ्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं, पायताणाकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग पेन घेऊन लिहिलं : 'आल्याचा चहा'.

तर, आल्याच्या चहापासून डावीकडं, तिसरं घर. सोमवारी बंद.